उशीची माद्रिना: एका पंधराव्या वाढदिवसाचा हिशेब

फेब्रुवारी २०२४ मधल्या एका रविवारी संध्याकाळी शेजारीण वही घेऊन आली. टेक्सासात, डॅलसला लागून असलेल्या अर्व्हिंगमध्ये आमची दोन घरं एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना आहेत. या बाजूला आम्ही, पुण्याहून आलेले. त्या बाजूला मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातलं, पात्स्क्वारोच्या तळ्याकाठच्या खेड्यातून आलेलं कुटुंब. नवरा घरांची छपरं बसवणाऱ्या टोळीत, ती शाळेच्या स्वयंपाकघरात, मुलं तीन. नावं कुणाचीच देत नाही. मी लोकांचे टॅक्स भरून देते हे तिला ठाऊक होतं, म्हणून वही माझ्याकडे आली. वहीत नऊ-दहा ओळी आणि तळाशी दोनदा अधोरेखित केलेला आकडा: २१,४०० डॉलर. थोरल्या लेकीला मार्च २०२५ मध्ये पंधरावं पूर्ण होणार होतं, तिच्या किन्सेआन्येराचा हा अंदाज होता. घरात साठलेले होते चार हजार.

"यातलं काय काय कापता येईल ते सांग," ती म्हणाली.

पुढचे पंधरा महिने मी या प्रकरणात होते. आधी हिशेबनीस म्हणून आणि नंतर, कशी ते पुढे येईलच, माद्रिना, म्हणजे मानलेली धर्ममाता, म्हणून. कापाकापी करा हा माझा सल्ला होता आणि तो जवळजवळ पूर्ण चुकला. इथल्या मराठी घरांनाही अधूनमधून घेरदार झग्यातल्या एखाद्या मुलीची पत्रिका येते. 'स्वीट सिक्स्टीनसारखं काहीतरी दिसतंय' म्हणून आपण पाकिटात गिफ्ट कार्ड घालतो आणि मोकळे होतो. मीही तेच करत आले होते.

किन्से म्हणजे पंधरा, आन्योस म्हणजे वर्षं. किन्सेआन्येरा हा शब्द सोहळ्यालाही लावतात आणि त्या मुलीलाही. दिवसा चर्चमध्ये कृतज्ञतेची मिसा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, असते. वसईकरांना हा शब्द समजावून सांगायला नको, तिथेही मिस्साच म्हणतात. संध्याकाळी हॉलमध्ये जेवण आणि मुलीचा वाल्स नाच. बाप गुडघ्यावर बसून तिच्या पायातले सपाट जोडे काढतो आणि टाचांचे चढवतो. डोक्यावर मुकुट ठेवतात, 'उल्तिमा मुन्येका' म्हणजे शेवटची बाहुली हातात देतात, आणि मग मध्यरात्रीपर्यंत गाणं-बजावणं. भोवती समवयस्कांचा लवाजमा. मुली त्या दामा, मुलगे चाम्बेलान. जुन्या रीतीने चौदा जोड्या आणि पंधरावी ती स्वतः.

ही रीत थेट अझ्टेकांपासूनची, असं झग्यांचे दुकानदार छातीठोकपणे सांगतात. इतकं सरळ ते नाही. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन पाद्रीने अझ्टेकांच्याच भाषेच्या नाहुआ लोकांकडून जे लिहवून घेतलं, त्यात आईबापांनी वयात आलेल्या मुलीला केलेले उपदेश आहेत, हे खरं. पण वाल्स, झगा, मुकुट ही सरळ युरोपी दरबाराची नक्कल आहे. मेक्सिकोत ती सम्राट माक्सिमिलियन आणि त्याची राणी कार्लोता यांच्या खात्यावर टाकतात, म्हणजे १८६४ ते १८६७ ही जेमतेम तीन वर्षं. खरं असो-नसो, नंतरही बराच काळ हा शहरातल्या पैसेवाल्यांचा सोहळा होता. शेजारणीच्या सासूबाईंना मी पुढे विचारलं, तुमचं पंधरावं कसं झालं? "मिसा झाली, अतोले प्यायलो, दुसऱ्या दिवशी कणसं खुडायला गेले," त्या म्हणाल्या. अतोले म्हणजे मक्याची पेज. परंपरा जपायची म्हणून हे घर २१ हजारांचा अंदाज काढून बसलं होतं, आणि खुद्द आजीच्या वाट्याला त्यातली पेजच आली होती.

मला मात्र एका गोष्टीचा हेवा वाटला. आपल्याकडे मुलगी शहाणी झाली की मखरात बसवायचे, ओटी भरायचे, जेवण घालायचे. माझ्या आजीचं न्हाण असं झालं होतं. पण ते देहाशी आणि पुढच्या गर्भाधानाशी बांधलेलं होतं. म्हणून माझ्या आईच्या पिढीने ते शरमेने गुंडाळून ठेवलं, आणि माझ्या वेळी 'आजीला सांगू नकोस' एवढाच विधी उरला. पंधरावं वर्ष कॅलेंडरवर येतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही, बापाला संकोच नाही.

कापाकापी

पहिल्या अंदाजात २५० पाहुणे होते. हॉल, खुर्च्या आणि करारातच सक्तीचे असलेले सुरक्षारक्षक धरून ४,८०० डॉलर. जेवण ४,२००. बांदा, म्हणजे पितळी वाद्यांचा मोठा ताफा, ३,५०० आणि डीजे ९००. फोटो आणि व्हिडिओ २,६००. झगा, मुकुट, जोडे १,९००. सजावट १,४००. नाच बसवणारा ९००. लिमोझिन ७००. केक ५००.

मी नेहमीचं केलं. एक्सेलमध्ये तीन रकाने पाडले: हवंच, चालेल, नको. बांदा नको, लिमोझिन नको, नाच बसवणारा नको, पाहुणे १००. आकडा नऊ हजारांवर आणला आणि अभिमानाने दाखवला. तिने शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "शंभर? मग उरलेल्या दीडशे जणांच्या घरी मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

पाहुण्यांची संख्या तिथे जेवणाच्या ताटांवरून ठरत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. त्यांच्यात एक किस्सा सतत निघतो. डिसेंबर २०१६ मध्ये सान लुइस पोतोसी राज्यातल्या एका बापाने लेकीच्या पंधराव्याचं निमंत्रण व्हिडिओवर दिलं, 'सगळ्यांनी यावं.' त्याला म्हणायचं होतं आसपासच्या वस्त्यांतल्या सगळ्यांनी. व्हिडिओ देशभर फिरला आणि फेसबुकवर दहा लाखांहून जास्त लोकांनी 'येतो' म्हणून कळवलं. माळरानावर हजारो लोक आलेही, आणि घोड्यांच्या शर्यतीत एक माणूस दगावला. लोक हे हसत सांगतात, पण त्या बापाला मूर्ख कुणी म्हणत नाही. बोलावलं तर सगळ्यांना, हे त्यांना पटण्यासारखंच आहे.

माझं एक्सेल तिथेच राहिलं. एकच गोष्ट मी पटवू शकले: कर्ज काढायचं नाही. नवऱ्याचा विचार ट्रक गहाण टाकण्याचा होता. त्याऐवजी तांदा. तांदा म्हणजे अस्सल भिशी. दहा बायका, महिन्याला प्रत्येकी ४००, एकीला चार हजार. जून २०२४ ला सुरू झाली. चिठ्ठीत हिला तिसरा नंबर आला, तो तिने दुसरीशी बदलून आठवा घेतला, कारण ऑगस्टमध्ये हातात आलेले पैसे जानेवारीपर्यंत टिकणार नाहीत हे ती ओळखून होती. भिशीचा शेवटचा नंबर मागून घेणाऱ्या माझ्या मावशीची आठवण झाली.

तारीख

सगळ्यात महागडी चूक मात्र तारखेची, आणि ती आम्ही दोघींनी मिळून केली. वाढदिवस २० मार्चला, म्हणून एप्रिल २०२४ मध्येच हॉलवर जाऊन २२ मार्च २०२५ चा शनिवार ८०० डॉलर भरून पक्का केला. चर्चमध्ये गेलो जूनमध्ये. ऑफिसातल्या बाईंनी कॅलेंडर आमच्याकडे वळवलं. २०२५ ला राखेचा बुधवार ५ मार्चला, ईस्टर २० एप्रिलला. मधला सगळा उपवासकाळ, आणि या चर्चमध्ये उपवासकाळात किन्सेची मिसा करत नाहीत. पुष्कळ चर्चमध्ये हाच नियम आहे.

आपल्याकडे चातुर्मासात लग्नाचा हॉल धरून मग गुरुजींना फोन करण्यासारखं हे झालं. मला एवढंही सुचू नये, याचं नंतर मलाच हसू आलं. तेव्हा आलं नव्हतं. हॉलने तारीख बदलायचे ३०० डॉलर घेतले. चर्चने दोन शनिवार दिले, २६ एप्रिल आणि ३ मे. २६ एप्रिलला हॉल नव्हता, म्हणून ३ मे. पुढे २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस वारले आणि त्यांचे अंत्यसंस्कार नेमके २६ एप्रिलला झाले, तेव्हा तेच ३०० डॉलर घरात एकदम दैवी ठरले.

तेव्हा क्रम असा: आधी चर्च, मग हॉल, मग बाकीचं जग. चर्चच्या अटीही आधीच समजून घ्याव्यात. किन्सेआन्येरा हा कॅथलिकांच्या सात संस्कारांपैकी नाही, त्यामुळे तो करून देणं चर्चवर बंधनकारक नसतं. अमेरिकेतल्या धर्मप्रांतांसाठी पंधराव्या वाढदिवसाच्या आशीर्वादाचा अधिकृत विधी रोमने मंजूर केला तो २००७ मध्ये. त्याआधी काही पाद्री उत्साहाने करायचे, काही 'झग्यांचं प्रदर्शन' म्हणून टाळायचे. आमच्या इथे बाप्तिस्म्याचा दाखला, पहिल्या कम्युनिअनचा दाखला, दृढीकरणाच्या वर्गाची हजेरी आणि आईबापांसह अर्ध्या दिवसाचं शिबिर, एवढं मागितलं. मिसाही स्वतंत्र मिळाली नाही. त्याच वेळी आणखी एक मुलगी होती. दोन घेरदार झगे एकाच वेळी मधल्या वाटेतून जाऊ शकत नाहीत, हे शुक्रवारच्या तालमीत सिद्ध झालं.

मागायला जाणं

आता मुख्य गोष्ट.

जुलैमध्ये ती दुसरी वही घेऊन आली. जुनी, कोपरे दुमडलेली. तिच्यात खर्च नव्हता, माणसं होती. चौदा वर्षांत या जोडप्याने कुणाकुणाच्या घरी काय काय दिलं त्याची नोंद. नवऱ्याच्या जोडीदाराच्या मुलीचा केक, २०१५. चुलतबहिणीच्या लग्नातला लासो, म्हणजे वधूवरांच्या खांद्यांवर टाकायची दुहेरी माळ, २०१८. भाचीच्या किन्सेचा मारियाची, म्हणजे मेक्सिकन गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा ताफा, २०२२. प्रत्येक वस्तूला एक पाद्रिनो किंवा माद्रिना असते. बाप्तिस्म्याचे धर्मपालक वेगळे. हे केकचे पाद्रिनो, झग्याची माद्रिना, मुकुटाची, बायबल-जपमाळेची, पदकाची, बाहुलीची, ग्लासांची. देणारा त्या मुलीचा पाद्रिनो होतो आणि तिच्या आईबापांचा कोम्पाद्रे. बाई असेल तर कोमाद्रे. हे नातं समारंभ संपला तरी संपत नाही.

मी खर्च मांडत बसले होते, तिने येणी मांडून ठेवली होती.

आपला आहेर यापेक्षा वेगळा आहे. आहेर पाकिटातून येतो, समारंभानंतर मोजला जातो, आणि हल्ली तर 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं छापून तोही नाकारतात. इथे देणं समारंभाच्या आधी ठरतं, जाहीर असतं, पत्रिकेवर नावासकट छापलं जातं. पत्रिकेत नाव राहिलं म्हणून रुसणारे काका दोन्हीकडे आहेत. फरक एवढाच की इथल्या काकांनी केकचे पैसे दिलेले असतात.

पण हे मागायचं कसं? फोनवर नाही. मेसेजवर तर मुळीच नाही. ऑगस्टपासून दर रविवारी ती, नवरा आणि मुलगी तयार होऊन, पान दुल्सेचा, म्हणजे गोड पावांचा, गुलाबी खोका घेऊन एकेका घरी जात. दोन वेळा मी बरोबर होते. तासभर इकडचं तिकडचं. मग मुलगी स्वतः विचारते, "तुम्ही माझे केकचे पाद्रिनो व्हाल का?" पैशाचा आकडा कुणी काढत नाही. समोरचा म्हणतो, "मान दिलास." किंवा क्वचित, "बायकोशी बोलून सांगतो," आणि मग तो विषय पुन्हा निघत नाही.

तिचं खरं कौशल्य कुणाला काय मागायचं यात होतं. नवऱ्याच्या मुकादमाची ऐपत मोठी, पण त्याला हॉल मागितला तर तो नवऱ्यावर आयुष्यभर चढून बसेल. म्हणून फक्त एक तास मारियाची, ५०० डॉलर. कोपऱ्यावरच्या विधवा म्हातारीची परिस्थिती बेताची. तिला वगळणं हा तिचा अपमान, म्हणून तिला जपमाळ. बाप्तिस्म्याच्या माद्रिनेला झगा, कारण तो मान दुसऱ्या कुणाला देताच येत नाही. फोटोंसाठी एका दीराने पूर्ण पैसे कबूल केले होते. जानेवारीत त्याची नोकरी गेली. तो सांगायला आला तेव्हा ती त्याला बोलूच देईना. "तुम्ही अर्धेच म्हणाला होतात ना? अर्धे आमच्याकडे." तो म्हणाला, हो, अर्धेच. माझ्यासमोर दोघं धडधडीत खोटं बोलले, आणि ७५० डॉलरचा खड्डा घरावर आला. एक्सेलमध्ये मी तो लाल रंगाने भरला होता. तिने तो रंग काढायला लावला.

ऑक्टोबरमध्ये त्याच गुलाबी खोक्यासह ती तिघं आमच्याकडे आली. मी चहा टाकला आणि वाट पाहत बसले, तासभर हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मग मुलगी म्हणाली, तुम्ही माझ्या उशीच्या माद्रिना व्हाल का? मिसामध्ये ती ज्या उशीवर गुडघे टेकते ती उशी. मी कॅथलिक नाही, म्हटलं. आई म्हणाली, उशीला कॅथलिक असावं लागत नाही. आपल्याकडे पाट मांडतात तशी ही उशी, असं मी मनात जुळवून घेतलं, आणि उत्साहाच्या भरात विचारलं, आईच्या पैठणीचा काठ लावू का? मुलीने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे. "रंग पाचूचा हिरवा आहे," ती म्हणाली. "सगळं त्याच कापडाचं." पैठणी कपाटात राहिली.

जेफरसन बूलव्हार्ड, आणि मुलीच्या अटी

डॅलसच्या ओक क्लिफ भागात जेफरसन बूलव्हार्ड नावाचा रस्ता आहे. तिथे किन्सेच्या झग्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत. काचेआड उभे पुतळे, प्रत्येकाचा घेर रिक्षाएवढा. मुलीला यातलं काही नको होतं. ती शाळेच्या संघात फुटबॉल खेळते, पैसे द्या आणि मला कॅनकूनला पाठवा, असं ती सुरुवातीला म्हणत होती. अशा मुली पुष्कळ असतात आणि आया त्यांचं ऐकत नाहीत. इथे मात्र थोडं ऐकलं गेलं, कारण बापाने एक रात्र मध्ये पडून दोघींना आपापल्या तीन अटी लिहायला लावल्या. आईच्या: मिसा, वाल्स, बापाने जोडे घालणं. मुलीच्या: गुलाबी नाही, चौदा जोड्यांऐवजी फक्त सहा चाम्बेलान, आणि टाचा दीड इंचापेक्षा उंच नाहीत. शेवटच्या नाचात पांढरे काउबॉय बूट घालीन, ही चौथी अट तिने नंतर घुसवली.

झगा ऑक्टोबरमध्येच मागवला. चार-पाच महिने लागतात म्हणून. पण त्याचा आणखी एक फायदा नंतर कळला. हे झगे बहुतेक चीनमध्ये शिवून येतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरची आयातपट्टी १४५ टक्क्यांवर गेली. मापं शेवटची तपासायला गेलो तेव्हा दुकानात दोन आया काउंटरवर हुज्जत घालत होत्या.

जानेवारीपासून दर रविवारी आमच्या रस्त्याच्या टोकाला गॅरेजमध्ये तालीम. नाच बसवायला कॉलेजमधली एक मुलगी ३०० डॉलरमध्ये मिळाली, तिचे पैसे एका आत्याने दिले. तीन आठवडे उरले असताना एका चाम्बेलानचं कुटुंब दुसऱ्या राज्यात निघून गेलं. त्याच्या जागी तेरा वर्षांचा चुलतभाऊ उभा केला. तो किन्सेआन्येराच्या खांद्याला लागत होता, आणि सगळ्यांत चांगला तोच नाचला.

त्या वसंतात लोक अचानक निघून जात होते किंवा घराबाहेर पडत नव्हते, याची कारणं सगळ्यांना माहीत होती, बोलत कुणी नव्हतं. कागदपत्रं नसलेली माणसं गर्दीच्या जागा टाळत होती. टेक्सासात २०१७ मध्ये स्थलांतरितांविरोधातल्या एका कायद्याच्या निषेधासाठी पंधरा मुली किन्सेचे झगे घालून ऑस्टिनच्या विधानभवनासमोर नाचल्या होत्या. मुलीच्या एका मैत्रिणीने तो फोटो दाखवला. आईने फोन उलटा ठेवला. यजमानांनी शेवटी २५० ऐवजी १८० जणांना बोलावलं होतं, 'येतो' म्हणून १७२ जणांनी कळवलं, प्रत्यक्ष आले १३८. रिकाम्या खुर्च्या तिने कार्यक्रमाच्या आधी उचलायला लावल्या नाहीत. "त्यांच्या आहेत," म्हणाली.

आजी आणि बाहुली

बापाची आई मिचोआकानात. मुलाला तिने सतरा वर्षं पाहिलं नव्हतं, नातीला कधीच नाही. मिचोआकान सरकारची 'पालोमास मेन्साहेरास' नावाची योजना आहे, म्हणजे निरोप्या कबुतरं. मुलांना वर्षानुवर्षं न भेटलेल्या वयस्क आईबापांना पर्यटक व्हिसासाठी एकत्र मदत करतात आणि गटाने अमेरिकेत आणतात. आजीचा अर्ज आधीच गेलेला होता. व्हिसा मिळाला, आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आजी विमानतळावर उतरली. त्या भेटीबद्दल मी लिहिणार नाही, मी तिथे नव्हते.

आजीने पिशवीतून एक कापडी बाहुली काढली. हाताने शिवलेली, दोन वेण्यांची, गळ्यात मण्यांच्या माळा, शाल निळी. 'शेवटची बाहुली' म्हणून. इकडे बाहुलीच्या माद्रिनेने, म्हणजे धाकट्या मावशीने, फेब्रुवारीतच दुकानातून पाचूच्या हिरव्या झग्यातली, मुकुट घातलेली बाहुली आणून ठेवलेली होती. मला वाटलं, यात विचार कसला करायचा? सतरा वर्षांनी आलेल्या आजीची बाहुली. मी तसं बोलूनही टाकलं.

कोमाद्रेने मान हलवली. "मावशीला आपण विचारायला गेलो होतो. पान घेऊन. तिने हो म्हटलं. आता तिची बाहुली कपाटात ठेवू?"

आजीही तेच म्हणाली, अगदी सहज. तिची बाहुली मुलीच्या उशाशी राहिली, आणि हॉलमध्ये दुकानातली हिरवी बाहुली धाकट्या बहिणीच्या हाती गेली. हे मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण त्या घरात त्या संध्याकाळी कुणाचाही चेहरा पडलेला नव्हता, हेही खरं.

३ मे

पहाटे पाचला मागच्या अंगणात तांब्याचं कासो चढलं. सांता क्लारा देल कोब्रे हे मिचोआकानातलं तांबटांचं गाव, तिथून आलेली ती कढई. कार्नितास, म्हणजे डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास मंद शिजवायचं, हा मिचोआकानचा अभिमान. किरोगा गावचे लोक त्यावरच जगतात. मामाने लाकडी वल्ह्याने ढवळायला घेतलं ते दुपारपर्यंत. त्याची ही पाद्रिनकी. जेवणाचा एकूण खर्च १,३५० झाला, पहिल्या अंदाजाच्या एक तृतीयांशाहून कमी. आम्हा चार शाकाहाऱ्यांसाठी चरबीशिवायचे घेवडे आणि कोंबडीच्या रश्शाशिवायचा भात वेगळ्या पातेल्यात, वर चिकटपट्टीवर माझं नाव.

लिमोझिनऐवजी मुकादमाची जुनी, धुऊन लख्ख केलेली शेव्हरोले. झगा आत बसेना. शेवटी मागची सीट आडवी करून मुलगी निजवून नेली, चेहरा छताकडे.

चर्चमध्ये माझ्या उशीवर ती टेकली. बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उच्चारली, आशीर्वाद झाला, फुलांचा गुच्छ ग्वादालुपेच्या मरियामातेपुढे ठेवला. उशी एका बाजूने दबली, कापूस मी कमी भरला होता. संध्याकाळी बापाने जोडे बदलले तेव्हा त्याच्या बोटांना बक्कल लागेना. छपरावर खिळे ठोकणारी बोटं ती. चाम्बेलान ताटकळले, डीजेने वाल्सची सुरुवात दोनदा वाजवली. मग मुलीने वाकून स्वतःच बक्कल लावलं आणि बापाला हात धरून उठवलं.

हिशेब असा झाला. घराने हॉलचे ४,२०० दिले, त्यात तारखेचा दंड आला. जेवण १,३५०, डीजे ७००, सजावट ६००, फोटोंचे निम्मे ७५०, चर्चची देणगी आणि पत्रिका ३५०. एकूण ७,९५०. हाताशी साठलेले चार आणि तांदाचे चार, म्हणजे पन्नास उरले. पाद्रिनोंनी उचललं ते ३,३५०: झगा १,३५०, उरलेले फोटो ७५०, मारियाची ५००, केक ४५०, नाच ३००. माळा, पदक, मुकुट, उशी मी धरलेली नाही. सारं मिळून ११,३००. माझ्या कापलेल्या अंदाजापेक्षा दोन हजारांनी जास्त, आणि पाहुण्यांची यादी ऐंशीने मोठी.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली, दुमडलेल्या कोपऱ्यांची वही घेऊन. शेवटच्या पानावर नवी यादी होती. प्रत्येक पाद्रिनोसमोर त्याच्या घरातल्या मुलीचं पंधरावं वर्ष किंवा मुलाच्या लग्नाचा अंदाज. २०२६, मुकादमाची धाकटी. २०२८, दीराची मुलगी, आणि तिथे कंसात 'पूर्ण फोटो'. तळाशी माझं नाव आणि समोर २०२९. माझी लेक तेव्हा अकरा वर्षांची होती.

मी म्हटलं, अगं कोमाद्रे, आमच्यात असं काही नसतं.

"बरं," ती म्हणाली, आणि पेनाचं टोपण लावलं. खोडलं मात्र नाही.